मृगापासून पोळ्यापर्यंत

"अजून ऑपरेशन झालं नाही?"

उन्हाळ्यापासून हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की समोरच्याचा चेहरा पाहूनच कळतं, आता तो येणार. दूध घालणारा, शाळेतले शिपाईभाऊ, चाळीसगाव स्टेशनवर भेटलेले जुने पालक, भाजीबाजारात हात धरून थांबवणाऱ्या ओळखीच्या बायका. प्रश्नात माया असते. पण त्यात एक गृहीतही असतं. कॅन्सर म्हणजे गाठ, गाठ म्हणजे कापून टाकायची वस्तू, आणि कापलं नाही म्हणजे अजून काहीच झालं नाही, नुसतं बसवून ठेवलंय.

मला गुदाशयाचा कर्करोग आहे. रेडिएशन मृग लागता लागता संपलं आणि ऑपरेशन पोळ्याच्या आत ठरलंय. मधल्या या दिवसांबद्दल मला लिहायचं आहे. हे दिवस रिकामे नाहीत. ते उपचाराचाच भाग आहेत, आणि हे मला आधी स्वतःला, मग घराला, मग भाऊबंदांना समजवावं लागलं.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. पचनसंस्थेची आकृती फळ्यावर काढता काढता माझी निम्मी नोकरी गेली. अन्ननलिका, जठर, सुमारे सहा मीटर लांबीचं लहान आतडं, दीड मीटरचं मोठं आतडं. इथवर वर्ग शांत असतो. गुदाशय आणि गुदद्वार हे शब्द आले की मागच्या बाकांवर खसखस पिकते, मुली वहीत डोकं खुपसतात आणि शिकवणाराही त्या दोन बाणांपुढे नावं लिहून घाईने यकृताकडे वळतो. माझा आजार आकृतीच्या त्याच शेवटच्या भागात निघाला, गुदद्वारापासून पाच सेंटिमीटरवर. ज्या जागेचं नाव चौथीपासून आपण कुजबुजत घेतो, तिथे.

आमच्याकडे शौचातून रक्त गेलं की मूळव्याध, याबाहेर कुणी विचार करत नाही. चाळीसगावहून धुळ्याकडे निघा, नाहीतर भडगाव-पाचोऱ्याच्या रस्त्याला लागा, भिंतीच सांगतात: मूळव्याध, भगंदर, फिशर, विनाऑपरेशन हमखास इलाज. मूळव्याध खरोखरच खूप जणांना असते, आणि धोका त्यातच आहे. रक्त तेच, जागा तीच, लाजही तीच. पण शौचाची वेळ आणि सवय बदलणं, जाऊन आल्यावरही पोट मोकळं न वाटणं, पुन्हा पुन्हा जावंसं वाटणं, काही कारण नसताना हिमोग्लोबिन उतरणं, हे सगळं मूळव्याधीच्या खात्यावर टाकायचं नसतं. मला गावातल्या डॉक्टरीणबाईंनी टेबलावर कुशीवर झोपवलं आणि हातमोजा घालून बोटाने तपासलं. दोन मिनिटं लागली असतील. त्यांच्या बोटाला गाठ लागली. या तपासणीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, फार पैसेही लागत नाहीत. लागते ती फक्त दोन्ही बाजूंनी लाज बाजूला ठेवायची तयारी. मी त्या बाईंची ऋणी आहे आणि हे मी त्यांना सांगितलंय.

पुढच्या तपासण्या सगळ्यांच्या होतात तशाच झाल्या: कोलोनोस्कोपी म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, बायोप्सी, छातीपोटाचा सीटी स्कॅन, ओटीपोटाचा एमआरआय, रक्तातलं सीईए, म्हणजे या कर्करोगात वाढू शकणारं एक प्रथिन. निघाला अॅडेनोकार्सिनोमा, आतड्याच्या अस्तरातल्या ग्रंथींच्या पेशींचा कर्करोग. गाठ आतड्याच्या भिंतीतून बाहेर आलेली, शेजारच्या लसिकाग्रंथींपर्यंत गेलेली, यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ. म्हणजे तिसरी स्टेज.

त्या रिपोर्टपेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त लागली. आतड्यातला साधा पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर आलेला कोंब, कर्करोगापर्यंत पोचायला बहुधा दहाएक वर्षं घेतो. दहा वर्षांपूर्वी माझी मुलगी शाळेत होती, सासरे हयात होते, घराचा वरचा मजला बांधून होत होता. त्या सगळ्या वर्षांत, मी वर्गात उभी असताना, पंगतीत वाढत असताना, तो आत होता. कितीतरी रात्री मी ती वर्षं उलटी मोजत बसले. मग एक दिवस डॉक्टरांनीच त्यातून बाहेर काढलं. म्हणाले, "मॅडम, जो आजार यायला दहा वर्षं घेतो, त्याच्यासाठी दहा आठवडे नीट आखून वापरले तर बिघडत नाही. घाबरून केलेल्या घाईने मात्र बिघडतं."

घरात तोवर दोन तट पडले होते. मोठे दीर एका तटाचे. त्यांचं म्हणणं, इतके दिवस अंगात ठेवायचं कशाला, आठ दिवसांत काढून देणारे डॉक्टर आहेत, मी गाडी करतो. दुसरा तट त्याच्या उलट: चाकू लावला की पसरतो, हवा लागली की आटोपलं. हे दुसरं वाक्य खानदेशात मी लहानपणापासून ऐकत आलेय. हवा लागून कर्करोग पसरत नाही. पूर्वी माणसं दवाखान्यात पोचायचीच फार उशिरा. पोट उघडल्यावर दिसायचं की आजार आधीच सगळीकडे गेलाय, मग तसंच शिवून घरी पाठवायचे, आणि गावात गोष्ट पोचायची ती अशी की उघडलं म्हणून गेला. दोन्ही तटांमागे माझं बरं व्हावं हीच तळमळ होती. गव्हांकुराचा रस, गोमूत्राचा अर्क, कुठल्याशा गावची पुडी, हे घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी बसवून चहा दिला आणि सांगितलं, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काही घेणार नाही. डॉक्टरांनी पुड्या पाहिल्या आणि ऑपरेशन होईपर्यंत यातलं काहीच नको म्हणाले. तो विषय मी तिथेच बंद केला.

दिरांना पटवायला मात्र भाचा कामी आला. तो सर्जरी शिकतोय. त्याने ओट्यावर बसून त्यांना सांगितलं की पूर्वी आधी ऑपरेशन आणि मग रेडिएशन असाच क्रम असायचा. जर्मनीत हा क्रम उलटा करून पाहिला आणि 2004 साली निष्कर्ष छापून आले. रेडिएशन आणि केमो आधी घेतलेल्यांत पाच वर्षांत त्याच जागी आजार उलटण्याचं प्रमाण 6 टक्के, नंतर घेतलेल्यांत 13 टक्के. आणि रेडिएशननंतर थांबायचं कशाला? त्याचंही उत्तर होतं. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या डॉक्टरांचा 1999 सालचा अभ्यास. एका गटाचं ऑपरेशन रेडिएशननंतर दोन आठवड्यांत केलं, दुसऱ्याचं सहा ते आठ आठवड्यांनी. थांबलेल्यांच्या गाठी जास्त आक्रसल्या होत्या. "मग अजून थांबलं तर अजून बरं?" असं दिरांनी विचारलं. मला तो प्रश्न आवडला, कारण त्या क्षणी ते भांडायचं सोडून विचार करायला लागले होते. भाचा म्हणाला, तेही करून पाहिलंय. फ्रान्समध्येच सात आठवड्यांऐवजी अकरा आठवडे थांबवलं, 2016 मध्ये ते प्रसिद्ध झालं. वाढीव फायदा मिळाला नाही, ऑपरेशननंतरचे त्रास मात्र वाढलेले दिसले. म्हणजे थांबण्यालाही माप आहे.

सासूबाईंना हे आकडे सांगून उपयोग नव्हता. रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की त्या विचारायच्या, "कसाले थांबी ऱ्हायनात डाक्टर?" त्यांच्या माहेरी गिरणेकाठी विटांचा धंदा होता. मी म्हटलं, आई, भट्टीचा जाळ विझला म्हणून कुणी लगेच विटा काढतं का? आतली आच विटा भाजतच असते. त्यांनी मान हलवली. त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. रेडिएशनने पेशींमधल्या डीएनएला मार बसतो, पण पेशी त्या क्षणी मरत नाही. ती पुढे विभागायला जाते तेव्हा कोसळते. म्हणून मशीन बंद झाल्यावरही आठवडेच्या आठवडे काम चालू राहतं. सासूबाईंनी त्या दिवसापासून प्रश्न बदलला. आता त्या विचारतात, "आच उतरनी का?"

रेडिएशनचे दिवस मी नाशिकला नणंदेकडे काढले. आठवड्यातले पाच दिवस, असे साधारण पाच आठवडे, आणि त्याच दिवसांत सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर केमोच्या गोळ्या. मशीनखाली दोन-चार मिनिटंच जातात. खरा वेळ जातो तो आधी पाणी पिऊन लघवी धरून बाकावर बसण्यात, कारण मूत्राशय भरलेलं असलं की लहान आतडी वर ढकलली जातात आणि माऱ्यातून वाचतात. त्या बाकावर बसणारे आम्ही सगळे पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन गप्प असायचो. पुढे पुढे शौचाला जाणं म्हणजे डोळ्यांत पाणी येणं झालं. कोमट पाण्याच्या टबात बसायचं, तळपायांची साल निघायची, त्यावर मलम लावायचं. टब भरणं, रिकामा करणं, घासून वाळत ठेवणं, हे सगळं ह्यांनी केलं. लग्नाला तीस वर्षं होत आली, पण आमच्यात या प्रकारचं बोलणं कधी झालंच नव्हतं. आता ते रोज मोकळेपणी विचारतात, आज किती वेळा जावं लागलं, रक्त होतं का, जळजळ कशी आहे. या आजाराने मला काही दिलं असं मी म्हणणार नाही, कारण मला ते खरं वाटत नाही. पण आमच्या घरातलं हे बोलणं मला हवंसं आहे, आणि ते आधीही चाललं असतं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, त्यातच येऊन गेली. खानदेशातल्या लेकीबाळींना आखाजी म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. झोके, गौराई, माहेरची घागर. मी नाशिकच्या फ्लॅटमध्ये कुशीवर पडून होते आणि वहिनीने फोनवर झोक्यावरच्या पोरींचा गलका ऐकवला. जाण्यायेण्याचा एक तपशील इथे लिहून ठेवते, कारण तो कितीतरी जणांना ठाऊक नसतो: उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं आणि सोबत्याला त्यात पाऊण सवलत असते. दवाखान्यातून ठरलेल्या नमुन्यात दाखला घ्यावा लागतो.

मृगाचा पहिला पाऊस पडला तेव्हा मी घरी आले. गावात कपाशीची टोबणी चालू होती. आणि मग सुरू झाले ते दिवस, ज्यांत कुठे जायचं नसतं, मशीन नसतं, रोज भेटणारे डॉक्टर नसतात. रेडिएशन सुरू असताना रोज काहीतरी माझ्या बाजूने लढतंय असं वाटायचं. घरी आल्यावर एकटीला सोडून दिल्यासारखं झालं. मला वाटतं, वाट पाहण्यातली सगळ्यात अवघड जागा हीच. त्रास कमी होत जातो आणि भीती वाढत जाते.

चाळीसगावात रात्रीच्या गाड्या सगळ्या घरांना ऐकू येतात. मेन लाइन गावातूनच जाते. पहाटे तीनला जाग आली की मी गाड्या ऐकते आणि मला केकी मूस आठवतात. आमच्या गावचे ते छायाचित्रकार, 1989 साली गेले. स्टेशनजवळच्या दगडी घरात त्यांनी आपलं जवळजवळ सगळं आयुष्य काढलं, क्वचितच बाहेर पडले. गावात सांगतात की त्यांच्या प्रेयसीने पंजाब मेलने येईन असा शब्द दिला होता, आणि ती गाडी जाईपर्यंत ते रोज घराची दारं उघडी ठेवून दिवे लावून बसायचे. खरं-खोटं त्यांचं त्यांना ठाऊक. शाळेच्या सहली आम्ही त्या घरात नेतो आणि मुलं नेहमी त्या वाट पाहण्याबद्दलच विचारतात. मला मात्र तिथल्या कामाचं जास्त वाटतं. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, उजेड हवा तसा पाडून, अख्खा देखावा उभा केलेली छायाचित्रं. तो माणूस दाराकडे डोळे लावून नुसता बसला नव्हता. रोज काम करत होता. पहाटे तीनला मला त्यातून धीर येतो, आणि उजाडलं की मीही कामाला लागते.

कारण काम खूप आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की ऑपरेशन टेबलावर माझं जे शरीर येईल, ते या आठवड्यांत मी कमवायचं आहे. तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र आहे, श्वास आत ओढून चेंडू वर धरायचे, म्हणजे ऑपरेशननंतर फुप्फुसात कफ साचत नाही. सकाळ-संध्याकाळ चालायचं. मी तितूर नदीच्या कडेने जाते, पाऊस असला तर शाळेच्या लांब व्हरांड्यात. हिमोग्लोबिन उतरलं होतं, त्यासाठी लोहाचं इंजेक्शन सलाइनमधून घेतलं.

खाण्याचं मात्र खरंच अवघड गेलं. गाठीमुळे वाट अरुंद झालेली, म्हणून चोथा कमी असलेलं खायचं. आमचं खाणं म्हणजे कळण्याची भाकरी, ठेचा, हिरव्या मिरचीचं आणि पातीच्या कांद्याचं भरीत, शेवभाजी. यातलं काहीही चालत नाही. मऊ भात, ताक, मुगाच्या डाळीचं वरण, साल काढून शिजवलेला दुधीभोपळा, पिकलेलं केळं. केळ्याला परवानगी आहे याचा यावल-रावेरकडच्या माझ्या माहेरच्यांना कोण आनंद! दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या हाती घड येतो.

आणि प्रथिनं हवीत म्हणून अंडी. आमचं घर माळकरी. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला दिंडी ठरलेली. या घरात अंडं कधी आलं नाही. मी डाळ-दूध-पनीरवर भागवायचं ठरवलं होतं. एका दुपारी सासूबाईच परसात गेल्या, जुना स्टोव्ह काढला, एक पातेलं वेगळं केलं आणि नातवाला दुकानात पाठवलं. उकडलेली अंडी त्यांनी स्वतः सोलली नाहीत, पण ती उकडेपर्यंत स्टोव्हपाशी बसून राहिल्या. "औषध शे, खाय," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून रोज दोन अंडी खाते. त्यांच्या माळेबद्दल आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनातला आदर त्या पातेल्यामुळे वाढला.

आठवडे सरत आले तेव्हा पुन्हा एमआरआय झाला. त्याच्या आधीचे दिवस मला सगळ्यात जड गेले, आणि कारण वेगळंच होतं. मी वाचलं होतं की ब्राझीलमधल्या डॉक्टर अँजेलिता हाब्र-गामा यांनी 2004 मध्ये असे रुग्ण जगापुढे मांडले, ज्यांची गाठ रेडिएशन-केमोने पूर्ण नाहीशी झाली आणि ज्यांना ऑपरेशन न करता बारकाईने नजरेखाली ठेवलं. अशा रुग्णांवर आता बऱ्याच ठिकाणी तसं लक्ष ठेवतात. एकदा हे डोक्यात शिरल्यावर मला दुसरं काही सुचेना. चालताना, जेवताना, झोपेत, एकच: कदाचित माझीही गेली असेल. आशा इतकी दमवते हे मला माहीत नव्हतं. रिपोर्ट आला. गाठ चांगली लहान झालीय, ग्रंथी आक्रसल्यात, पण काही भाग शिल्लक आहे. ऑपरेशन करायचंच. सर्जन खूश होते. मी घरी येऊन रडले, आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटलं. तारीख मिळाली होती.

तारखेबरोबर पिशवीचा विषय आला. गाठ इतकी खाली आहे की आतडं जोडता आलं तरी तो जोड भरून येईपर्यंत काही महिने लहान आतड्याचं तोंड पोटावर काढावं लागेल आणि शौच पिशवीत जमा होईल. जोडता आलंच नाही, तर मोठ्या आतड्याचं तोंड कायमचं पोटावर. जोडण्याची शक्यता बरीच आहे, पण पक्कं काय ते मला शुद्धीवर आल्यावरच कळणार. पोटावर काढलेल्या अशा तोंडाला स्टोमा म्हणतात. म्हणून स्टोमा नर्सने दोन्ही बाजूंना खूण करून ठेवायचं ठरवलं. तिने आधीच बजावलं होतं, रोज नेसता तशीच साडी नेसून या. मला बसवलं, उभं केलं, वाकायला लावलं, पोटाच्या वळ्या कुठे पडतात ते पाहिलं. परकराची नाडी कुठे बांधते ते विचारलं, कारण नाडी स्टोमावर आली तर रोजचा जाच. बाळंतपणातल्या जुन्या टाक्यापासून दूर, हाडापासून दूर, आणि मान खाली घातली की मला स्वतःला दिसेल अशी जागा. माझ्या शरीराचा इतका नेटका विचार याआधी कुणी केल्याचं मला आठवत नाही.

तिथेच पारोळ्याकडची एक भाजी विकणारी बाई भेटली. तिची पिशवी कायमची आहे, उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झालेले. नर्सने माझी ओळख करून दिली तशी तिने पदर बाजूला केला, पिशवी दाखवली आणि म्हणाली, "जागा बदलनी ताई, बाकी सगळं तेच शे." मग तिने मला जे सांगितलं ते कुठल्या माहितीपत्रकात नव्हतं: बाजाराच्या दिवशी ती पहाटे किती वाजता खाते, एसटीत बसताना कोणती बाजू धरते, आणि पिशवी एक तृतीयांश भरली की लगेच रिकामी करायची, आळस करायचा नाही, नाहीतर वजनाने सुटते. तोंड लाल आणि ओलसर दिसतं, ते पाहून घाबरू नको, हात लावला तर दुखत नाही, असंही तीच म्हणाली. लहान आतड्याची पिशवी असली तर पातळ जातं, त्याबरोबर पाणी आणि मीठ जातं, म्हणून ओआरएस जवळ ठेवायचं, हे नर्सने जोडलं. मी घरी येताना दोन नमुन्याच्या पिशव्या घेऊन आले. एक पाणी भरून पोटावर चिकटवली आणि दिवसभर घरात वावरले.

हे सगळं होईतो कानबाई आली, आमच्या खानदेशात घरोघरी बसते ती देवी. नागपंचमीनंतरचा रविवार. पुण्या-सुरतेला पांगलेले भाऊबंद रोटाला, म्हणजे कानबाईच्या प्रसादाला, घरी येतातच, आमच्याकडेही आले. नारळाची कानबाई नटली, नथ चढली, पुरण, खीर, गंगाफळाची भाजी झाली. दरवर्षी मी स्वयंपाकघरात उभी असते. यंदा मला पाटावर बसवून ठेवलं होतं, आणि येणारी प्रत्येक बाई माझ्याजवळ आवाज खाली करून बोलत होती. 'तो आजार', 'ते दुखणं', 'पोटाचं'. पुरुष तर ह्यांना अंगणात घेऊन विचारत होते. रात्री जागरणाला बायका ओसरीवर जमल्या तेव्हा मी म्हटलं, थांबा, मीच सांगते. मला गुदाशयाचा कॅन्सर आहे. आणि फळ्यावर काढते ती आकृती मी रोटाच्या परातीत उरलेल्या पिठावर बोटाने काढली. शेवटच्या दोन बाणांची नावं मोठ्याने सांगितली. कुणी हसलं नाही. मग पिशवी आणून दाखवली, ती हातोहात फिरली. धाकट्या जावेने विचारलं, वास येतो का. मी सांगितलं, नीट बसलेली असली तर येत नाही.

मग मी माझ्या भावाचं सांगितलं. आईवडील, भाऊबहीण किंवा मुलं यांच्यापैकी कुणाला हा कर्करोग निघाला, तर बाकीच्यांनी चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या माणसाला ज्या वयात निघाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करून घ्यायला सांगतात. भाऊ अठ्ठेचाळीसचा. त्याला काहीही त्रास नव्हता. मी फोनवर हट्ट धरला, त्याने केली, आणि एक लहान पॉलिप निघाला. दुर्बिणीतूनच काढून टाकला. कर्करोग होण्याआधीच संपवता येतो असा हा आजार आहे, आणि तरी आपण त्याचं नाव घेत नाही, याचा मला राग येतो. तो राग मी त्या रात्री लपवला नाही.

सगळ्या पांगल्यावर चुलत सासूबाई, ज्यांना आम्ही जिजी म्हणतो, माझ्याजवळ सरकल्या. त्यांना दिवाळीपासून रक्त जात होतं. मुलाला कसं सांगायचं, सुनेला कसं सांगायचं, म्हणून कुणालाच सांगितलं नव्हतं. सोमवारी कानबाईचं विसर्जन आटोपलं आणि मंगळवारी जाऊबाई त्यांना घेऊन त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. जिजींची खरोखरच मूळव्याध निघाली. पण आता ती तपासून निघालेली मूळव्याध आहे.

आता ऑपरेशन तोंडावर आलंय. सर्जननी औषधाच्या चिठ्ठीच्या मागे काढून दाखवलं, गुदाशय त्याच्या भोवतीच्या चरबीच्या आवरणासकट अखंड कसा सोडवून काढतात ते. ही पद्धत इंग्लंडमधले सर्जन बिल हील्ड यांनी 1982 मध्ये मांडली, आणि त्यामुळे आजार तिथेच उलटण्याचं प्रमाण पुष्कळ खाली आलं. ती चिठ्ठी मी जपून ठेवलीय, शाळेत परतल्यावर लागेल. मला विचारायचे प्रश्न वहीत लिहून झालेत: जोड किती खाली येईल, पिशवी बंद करायची कधी, उरलेली केमो लागेल का, आणि जोडल्यानंतर शौचावरचा ताबा यायला किती महिने जातील. भीती आहे. आज सकाळीही होती. दहावीचे प्रयोग धाकट्या मॅडमकडे सोपवलेत, रक्तगट जुळणारी दोन पोरं माझेच माजी विद्यार्थी आहेत आणि तयार आहेत. मुलगी रजा काढून आलीय. पिशवीची चकती स्टोमाच्या मापाने कशी कापायची, कडेला किती फट ठेवायची, हे तिला मी काल शिकवलं. तिने पहिल्या दोन वाकड्या कापल्या, तिसरी बरी जमली. ह्यांना अजून शिकवायचं आहे, ते आज संध्याकाळी शेतातून आले की बसवते.